गंज माझा, टाळ्या साडूच्या

माझ्या साडूने माझ्याच गंजात माझी अब्रू घालून वर झाकण ठेवलं, त्याला आता वर्ष होत आलं. गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं. जाड बुडाचा, झाकणासकट, पंगतीचं वरण शिजेल एवढा. दुकानातला सगळ्यात चांगला नग होता तो, आणि मी तो स्वतःच्या हाताने उचलून चंद्रपूरला नेला होता.

आधी माझ्याविषयी सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही. ब्रह्मपुरीला बस स्टँडच्या रस्त्यावर माझं भांड्यांचं दुकान आहे. शामराव भांडेवाले म्हटलं की कुणीही बोट दाखवतं. सुरुवात सायकलवर झाली. मागे भांडी बांधून आठवडी बाजार करायचो, जुन्या भांड्यांची मोड घ्यायचो, नवं द्यायचो. त्या बाजारांत मी एकच विद्या शिकलो. भाव सांगायचा आणि गप्प बसायचं. गिऱ्हाईक नाक मुरडतं, उठतं, चपला घालतं, दोन पावलं जातं, वळून पाहतं. आपण पापणी हलवायची नाही. जो आधी बोलला तो हरला. या एका विद्येवर मी दुकान घेतलं, वर माडी चढवली, पोरीला शिकवलं. आणि एवढं करून माझ्याच घरात कौतुक कुणाचं? दयारामचं.

दयाराम म्हणजे माझा साडू, माझी बायको कुंदा हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. वडशाला त्याचा पानठेला आहे आणि घरावर अजून कवेलू, म्हणजे कौलं आहेत. पण हा माणूस तरुणपणी आमच्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत हीरो होता. दिवाळी झाली की आमच्या गावोगावी मंडई म्हणजे जत्रा भरते, बैलांच्या शर्यतीचे शंकरपट होतात आणि नाटकं लागतात. त्या नाटकांत हा तलवार घेऊन नाचायचा आणि बाया डोळ्याला पदर लावायच्या. आता गुडघे गेले, नाटक सुटलं. लोकांनी मात्र त्याला सोडलं नाही. वडशाच्या रस्त्याने त्याच्यासोबत चालून पाहा. कुणी पाया पडतं, कुणी गाडी थांबवतं. चहावाला त्याच्या चहाचे पैसे घेत नाही. (माझ्या चहाचे घेतो.)

हे सगळं मी पोटात ठेवलं होतं. पण माझी पोरगी पल्लवी बी.ए. झाली आणि म्हणाली, "बाबा, मले नाटक शिकाचं हाय."

"नाटक शिका लागते काय?" मी म्हणालो. "मावसाजी कुठी शिकला होता?"

"म्हणूनच त्याचे गुडघे गेले," पल्लवी म्हणाली.

चंद्रपूरच्या एका कॉलेजात विद्यापीठाचा नवा अभ्यासक्रम सुरू झाला होता. संवाद, माध्यमं आणि नाट्यशास्त्र, असं तिन्ही एकत्र. मी तिला बी.एड.ला घालणार होतो. घरात आठवडाभर भांडण झालं. शेवटी सौदा ठरला. तिने नाट्यशास्त्र शिकावं, पण शेवटच्या प्रात्यक्षिकात नापास झाली तर मुकाट्याने घरी यावं आणि बी.एड. करावं. हा सौदा माझ्या फायद्याचा होता. नाटक करून कुणी पास होतं हे मी ऐकलं नव्हतं.

प्रवेशाला मी सोबत गेलो. विभागप्रमुख चष्मा लावलेले सज्जन गृहस्थ होते. त्यांनी फी सांगितली. मी गप्प बसलो. तेही गप्प बसले. (शिकलेल्या माणसांत अशी ताकद असते हे मला माहीत नव्हतं.) शेवटी मी म्हणालो, "सर, यात तीन विषय हायेत ना? संवाद तिले येते. घरी माह्यासंग तिन्ही टाईम करते. तेवढा सोडून कमी करा."

"तसं करता येत नाही," सर म्हणाले.

"मंग माध्यमं सोडा. मोबाईल तिच्याजवळ हाय."

पल्लवीने माझी बाही ओढली. मग सरांनी तिला विचारलं, "नाटकाची आवड कुणामुळे लागली?" आणि माझ्या पोरीने, मी फीचे पैसे खिशातून काढत असताना, माझ्यादेखत सांगितलं, "माझ्या मावसाजींमुळे. ते झाडीपट्टीचे मोठे नट आहेत."

सरांचे डोळे चमकले. "अरे वा! म्हणजे वारसा आहे."

पैसे माझे, पोरगी माझी, वारसा पानठेल्याचा.

दोन वर्षं गेली. प्रात्यक्षिकाचा दिवस ठरला. पल्लवीने स्वतः लिहून बसवलेलं नाटक विभागाच्या हॉलमध्ये दुपारी होणार होतं. बाहेरून परीक्षक मॅडम येणार होत्या. त्यांनी नापास केलं की बी.एड. फोनवर पल्लवीने बजावलं, "बाबा, हे नाटक येगळं हाय. यात कोणी बोलत नाई. एक बाई नवऱ्याची वाट पाहते, बस. तुम्ही पण बोलू नका. टाळ्या नका वाजवू. खोकला आला तं बाहेर जा."

"अन् मावसाजी?"

"त्याले सांगा नाई लागत. त्याले समजते."

हे शेवटचं वाक्य तिने बोलायला नको होतं.

आमच्या भागात नाटकाची एक रीत आहे, ती बाहेरच्यांना सांगितली पाहिजे. रंगात आलेलं नाटक मध्येच थांबतं. माईकवर पुकारा होतो, की अमक्या गावचे अमुक भाऊ यांच्याकडून तमुक नटाला बक्षीस. नट आपली भूमिका बाजूला ठेवून पुढे येतो, बक्षीस कपाळाला लावतो, देणाऱ्याला हात जोडतो आणि परत आपल्या कामाला लागतो. मी स्वतः दयारामला छातीत खंजीर घेऊन मरताना पाहिलं आहे. अर्धा मेल्यावर तो उठला, कुणीतरी दिलेला टेबलफॅन घेतला, नमस्कार केला आणि पुन्हा जाऊन उरलेला मेला. ज्याला बक्षीस नाही ते नाटक पडलं असं समजतात. आणि बक्षीस नटाने घेतलं नाही, तर देणाऱ्याला तोंड दाखवायला जागा राहत नाही.

मी विचार केला, पोरीच्या नाटकाला पहिलं बक्षीस बापाचं. साऱ्या चंद्रपुरासमोर. मग सांगू दे कुणाला वारसा कुणाचा ते.

गंज निवडला. आमच्याकडे भांडं घेतलं की त्यावर नाव कोरून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. मशीन घेऊन मी स्वतः बसलो आणि गंजाच्या पोटावर ठसठशीत कोरलं, 'श्री. शामराव भांडेवाले, ब्रह्मपुरी यांजकडून कन्या कु. पल्लवी हीस बक्षीस'. कुंदाने पाहिलं.

"हे काय करून राह्यले?"

"बक्षीस."

"पोट्टीनं सांगतलं ना, चूप बसा म्हणून?"

"देताना बोला लागत नाई. दिसते."

"मंग एवढं मोठं नाव कायले?"

"शेवटच्या रांगेतून दिसलं पाह्यजे."

कुंदाने कपाळावर हात मारला. लगेच वडशाला बहिणीला फोन लावला आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "दयारामभाऊले पक्कं येऊ दे वं बाई. आमच्या घरचं काही खरं नाई."

चंद्रपूरच्या बसमध्ये कंडक्टरने गंजाचं लगेज मागितलं. मी म्हणालो, "हा मांडीवर बसते." कंडक्टर म्हणाला, "बसू द्या. तिकीट त्याचं बी लागते." मूल गावाचा स्टँड येईपर्यंत आमचा वाद चालला. मी एकट्याने दोन्ही बाजूंचे प्रवासी जागे ठेवले. शेवटी कुंदाने पैसे दिले आणि खिडकीबाहेर पाहत बसली.

हॉल छोटा होता. दारात पोरांनी दयारामला ओळखलं. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, केस मागे वळवलेले. दोन मुली त्याच्या पाया पडल्या. त्याला पहिल्या रांगेत, परीक्षक मॅडमच्या शेजारी नेलं. एक मुलगा माईकवर म्हणाला, "आज आपल्यामध्ये ज्येष्ठ रंगकर्मी दयारामजी उपस्थित आहेत." टाळ्या झाल्या, गुलाब दिला. मग तो म्हणाला, "तसेच पालकही उपस्थित आहेत." पालक म्हणजे मी. मी तिसऱ्या रांगेत खांबाच्या मागे होतो. मांडीवर गंज होता.

नाटक सुरू झालं. स्टेजवर एक थंड चूल आणि चुलीपाशी पल्लवी, जुनं लुगडं नेसलेली. नवरा मोहफुलं वेचायला जंगलात गेला आहे आणि आलेला नाही. आमच्या वाघांच्या जिल्ह्यात याचा अर्थ पोरासोरांनाही सांगावा लागत नाही. ती वाटेकडे पाहत होती. बस, पाहत होती. पापणी हलत नव्हती.

दहा मिनिटं झाली. कुणी हसलं नाही, कुणी रडलं नाही, शिटी नाही. मी आजूबाजूला पाहिलं. सगळे थिजलेले. मॅडमच्या मांडीवर कागद आणि पेन, पण त्या काहीच लिहीत नव्हत्या. नाटक पडलं. पोरगी नापास. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मी सौदा विसरलो. बी.एड. गेलं खड्ड्यात, पण माझी पोरगी लोकांसमोर पडू नये, एवढंच मनात आलं. (आणि दयाराम समोर बसलेला असताना तर मुळीच पडू नये.) पडणारं नाटक उचलायचा उपाय एकच, बक्षीस.

मी उठलो. कुंदाने माझा शर्ट धरला. शर्टाचं बटण तिच्या हातात राहिलं, मी पुढे गेलो.

माईक कोपऱ्यात उभाच होता. रीतीप्रमाणे पुकारा दुसऱ्याने करायचा असतो, पण दुसरा कुणी नव्हता.

"हॅलो," मी म्हणालो. माईकने शिटी मारली. "हॅलो, हॅलो. नाटक रंगात आलेलं आहे. ब्रह्मपुरीचे सुप्रसिद्ध भांड्यांचे व्यापारी, दानशूर श्रीमान शामरावजी भांडेवाले यांच्याकडून, त्यांची कन्या पल्लवी हिच्या कामावर खूश होऊन, एक नग जाड बुडाचा गंज, झाकणासहित. कलाकाराने पुढे येऊन स्वीकार करावा."

विभागप्रमुख अर्धे उठले आणि तसेच राहिले. मॅडमनी पेनचं टोपण काढलं.

पल्लवी हलली नाही.

मी स्टेजवर चढलो. तिच्यासमोर उभा राहिलो. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्यातून आरपार वाटेकडे पाहिलं.

"पालू," मी हळूच म्हणालो, "घे ना वं."

नाही.

"पोरी, लोकं पाहून राह्यले. नुसता हात लाव."

नाही. माझ्या पोटच्या पोरीने साऱ्यांसमोर माझं बक्षीस नाकारलं. तिच्या डोळ्यातून एक थेंब ओघळला. मला वाटलं, अभिनय. (नंतर तिने सांगितलं, संताप.) माझं डोकं सटकायला लागलं. आता मी काय बोलणार होतो ते माझं मलाही माहीत नव्हतं, पण ते मोठ्याने बोलणार होतो हे नक्की.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून दयाराम उठला.

तो हळूहळू पायऱ्या चढला. गुडघे दुखत होते, पण ते दुखणंही स्टेजवर दुःखासारखं दिसत होतं. मेल्याची कमाल आहे. त्याने माझ्या हातातून गंज काढून घेतला. खांद्यावरचा दुपट्टा काढून झाकणावर पसरला. मान खाली घातली. आणि गंज चुलीपाशी, पल्लवीच्या समोर ठेवला. मग दोन पावलं मागे सरकून, डोक्याला हात लावून जमिनीवर बसला.

आमच्याकडे ज्या घरी माणूस जातो, त्या घरची चूल पेटत नाही. शेजारी रांधून, झाकून आणतात, न बोलता ठेवतात आणि मान खाली घालून बसतात. हॉलमधल्या प्रत्येकाने हे आपापल्या गावात पाहिलेलं होतं. एक शब्द न बोलता सगळ्यांना कळलं की आता तो येत नाही. मागे कुणाचातरी हुंदका फुटला.

कळलं नाही ते फक्त मला. मी उभाच होतो. दयारामने माझी पँट धरून मला खाली ओढलं.

"काऊन बसवून राह्यले, भाऊ?" मी कुजबुजलो.

ओठ न हलवता तो म्हणाला, "चूप बस. मेला हाय तो."

"कोण?"

"तिचा नवरा."

"पालूचं लगन कधी झालं?"

"शामराव," तो दातांतून म्हणाला, "खाली पाह्य. रडता येते काय?"

"नाई."

"मंग नुसता खाली पाह्य."

मी खाली पाहिलं. पल्लवीने हात पुढे केला. दुपट्टा बाजूला केला, झाकण उचललं आणि आत पाहत राहिली. गंज रिकामा होता. ती इतका वेळ आत पाहत होती, की मलाही वाटलं आत काहीतरी आहे. मग तिने झाकण ठेवलं आणि वाटेकडे पाठ केली. दिवे गेले.

दिवे आले तेव्हा सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही उठून हात जोडले. मग लक्षात आलं, सगळे दयारामकडे पाहताहेत.

परीक्षक मॅडमनी चष्मा पुसला आणि त्याचे दोन्ही हात हातात घेतले. "हे तुम्ही कधी ठरवलंत?"

"ठरवलं कुठी, बाई," दयाराम नम्रपणे म्हणाला. (हा नम्रपणाही त्याला येतो.) "गंज दिसला. म्हटलं, याले जागा देऊ."

"आम्ही तर प्रयोग थांबवायला निघालो होतो. तुम्ही वाचवलंत. आणि ही मुलगी! प्रत्यक्ष वडील समोर येऊन उभे राहतात, तरी पापणी हलत नाही. ही एकाग्रता शिकवून येत नाही. वारसा लागतो."

"हो ना," सर म्हणाले आणि दयारामकडे पाहिलं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. मी छाती पुढे काढली. त्या म्हणाल्या, "तुम्ही बसल्यावर थोडं बोलत होतात. तेवढं टाळता आलं असतं."

मी गंजाकडे बोट दाखवलं. म्हटलं, नाव तरी वाचू दे यांना. नाव कुठेच दिसेना. दयारामने गंज ठेवताना नावाची बाजू चुलीकडे फिरवली होती.

"काऊन फिरवला?" मी त्याला कोपऱ्यात गाठलं.

"दुःखाच्या घरी बक्षीस लिवलेलं भांडं कसं चालन, शामराव?"

"पण गंज माहा होता. मी आणला नसता तं तुम्ही काय ठेवलं असतं तिच्यासमोर? गुलाब?"

"तू आणला नसता," दयाराम शांतपणे म्हणाला, "तं काहीच ठेवा नसतं लागलं."

परतीच्या बसमध्ये कुंदा नागभीडपर्यंत बोलली नाही. मग म्हणाली, "दयारामभाऊनं इज्जत राखली." पल्लवी विभागात पहिली आली. आत पाहून एवढी कसली गढून गेली होतीस, असं मी तिला विचारलं. म्हणाली, "आत कंपनीचं स्टिकर तसंच होतं, बाबा. मी ते वाचत होते. वर पाह्यलं असतं तं तुमचं तोंड दिसलं असतं अन् हसू आलं असतं." गंज विभागाने ठेवून घेतला. आता तो दर नाटकात असतो असं ऐकतो. नाव भिंतीकडे.

मागच्या महिन्यात पल्लवी दुकानात आली. आता ती त्याच विभागात शिकवायला लागली आहे. म्हणाली, "बाबा, एक पितळी थाळी पाह्यजे. स्नेहसंमेलनात सत्कार हाय. नाव कोरून."

"कोणाचं?"

"ज्येष्ठ रंगकर्मी दयारामजी यांस सादर."

मी थाळी काढली आणि म्हणालो, "नाव कोराचे पैसे लागतील."

"आपण घेत नाई ना?"

"या नावाचे घेतो. अक्षरामागे." आणि भाव सांगून गप्प बसलो.

पल्लवी काही बोलली नाही. रागावली नाही, हसली नाही, चपला घातल्या नाहीत. माझ्याकडे पाहत राहिली. पंखा फिरत होता. एक गिऱ्हाईक आलं, आमची तोंडं पाहून परत गेलं. तिची पापणी हलली नाही. घाम मला फुटला.

"बरं, अर्धे दे," मी म्हणालो.

ती पाहत राहिली.

"बरं, ज्येष्ठचे नको देऊ."

ती पाहत राहिली. शेवटी मी मशीन काढलं, मुकाट्याने पूर्ण नाव कोरलं, थाळी चकचकीत पुसून वर खोक्यात घालून दिली. "थँक्यू बाबा," म्हणाली आणि गेली.

ती गेल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही पापणी न हलवण्याची विद्या दयारामकडे कुठे आहे? तो तर आयुष्यभर स्टेजवर ओरडला. ही विद्या सायकलवरून आठवडी बाजारात कमावलेली आहे. मॅडम म्हणाल्या होत्या तो वारसा माझा आहे. मी दुकान उघडं टाकून माडीवर पळालो आणि कुंदाला सांगितलं, "पालूची कला माही हाय. चूप बसाची. साऱ्या ब्रह्मपुरीत माह्यासारखं चूप बसणारा दुसरा नाई."

कुंदा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "असंन. मंग त्या दिवशी चंद्रपूरले काय झालं होतं?"

मी उत्तर दिलं नाही. तिच्याकडे पाहत राहिलो. पापणीही हलू दिली नाही. कुंदाही बोलेना, तांदूळ निवडत राहिली. बराच वेळ गेला.

शेवटी मीच म्हणालो, "चहा ठेव."